पुलापाशी अडलेलं घर

घर हललं तेव्हा मी माळ्यावर बसले होते आणि बिअरच्या सुरया पोटाशी घट्ट धरल्या होत्या. आधी खालून करकर आवाज आला, मग सगळ्या तुळया एकदम कण्हल्या आणि खिडकीबाहेरचं विलोचं झाड हळूच मागे सरकलं. पण सरकलं होतं ते झाड नव्हे. आम्ही निघालो होतो!

"आई!" मी ओरडले. "आपण चाललो!"

"मग काय, बसून राहणार होतो?" खालून आईचा आवाज आला. "सुरया सांभाळ. एक जरी फुटली तरी बघ."

मी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. खाली पाणी, पाण्यावर एकमेकांना बांधलेले दोन रुंद पडाव आणि त्या पडावांवर आमचं घर! लाकडी भिंती, कौलारू छप्पर, दारावरची बदकाची पाटी, सगळं जसंच्या तसं. काठावरून दोन घोडे दोर ओढत होते. आमच्या वस्तीतली माणसं घोड्यांच्या बरोबरीने धावत होती. कुणी हसत होतं, कुणी छातीवर क्रॉस काढत होतं, आणि आमची शेजारीण मात्र घर नव्हे तर प्रेतच निघाल्यासारखी रडत होती.

ही गोष्ट लायडन शहरातली, मी विशीत होते तेव्हाची. कापडाच्या धंद्याने शहर तेव्हा उतू चाललं होतं. विणकर कुठून कुठून यायचे. एका खोलीत दोन कुटुंबं राहायची आणि त्यात भर म्हणून एक माग. शेवटी शहराने आपला कोट पुढे सरकवायचं ठरवलं. कुरणं मोजली गेली, दोऱ्या ताणल्या गेल्या, नवे कालवे खणले गेले. आमची खाणावळ होती जुन्या वेशीबाहेर, रस्त्याला लागून. वेस बंद झाल्यावर पोचलेले वाटसरू आमच्याकडे मुक्कामाला थांबत. आता नवा रस्ता नेमका आमच्या चुलीवरून जाणार होता.

नगरसभेने तसं न्यायानेच वागवलं. ज्यांची घरं जात होती त्यांना नव्या वस्तीत बदली जागा मिळाली. अट एकच. नोव्हेंबरातल्या सेंट मार्टिनच्या सणापर्यंत त्या जागेवर छपरासकट घर उभं दिसलं पाहिजे, नाहीतर जागा परत. अट ऐकायला सोपी होती. पण अख्खं शहर एकाच वेळी बांधायला निघालं होतं. गवंडी मिळेना, वीट मिळेना. विधवा बाईच्या घराला हात लावायला कुणाला सवड नव्हती.

सवड काढली ती योरिसने. योरिस झान नदीकाठचा जहाजसुतार. उंच, केस तागासारखे, आणि कामात असला की जीभ दातांत धरायची सवय. आमच्याकडे जेवायला आला होता. आईची रड ऐकून त्याने नुसतं वर आढ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "मावशी, हे मोडायचं कशाला? उचलू या. आमच्याकडे लोक घर नेतातच पाण्यावरून."

मला वाटलं, बिअर चढली. पण आई त्याच्यासमोर बसली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी योरिस आमच्या घराखाली सरपटत शिरला होता.

महिनाभर त्याने घर खालून मोकळं केलं. धुराडं उतरवलं. चरबी चोपडलेल्या ओंडक्यांवरून घर इंचाइंचाने पडावांवर चढवलं. सगळं तयार झालं, तेव्हा तो म्हणाला, "मावशी, उद्याच निघू."

"अजून नको," आई म्हणाली. "पीठ दळून यायचंय."

दुसऱ्या दिवशी पीठ आलं, तर म्हणे लोणी यायचंय. मग हेरिंग मासळीचं पिंप. योरिस चिडला. "आपण घर हलवतोय की लग्नाचं जेवण घालतोय?"

"पोटाचं पण बघावं लागतं," असं म्हणून आईने त्याच्यापुढे पॅनकेकची बशी सरकवली. शेवटी बुधवारी सकाळी एकदाची ती हो म्हणाली.

आमची नवी जागा नव्या कालव्याच्या वरच्या अंगाला होती, रूलांटच्या ओळीत. रूलांट हा गवंड्यांचा मुकादम. पुढे स्वतःच जागा घेऊन घरं बांधायला लागला. त्या कालव्यावर त्याने विणकरांसाठी सारख्या घरांची एक अख्खी ओळ उभी केली होती. भिंती झाल्या होत्या, फक्त छपरं बाकी होती. त्या ओळीच्या बरोबर मधोमध आमची मोकळी जागा, पडलेल्या दातासारखी. ती मागायला तो तीनदा येऊन गेला होता. तिन्ही वेळा आईने त्याला उत्तम बिअर पाजली आणि नाही म्हणून परत पाठवलं. वाटेतल्या पुलाचं कामही त्याच्याचकडे होतं. विटांची एक कमान, एवढाच तो पूल. कमान बांधून व्हायच्या आत घर पलीकडे गेलं पाहिजे, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. रूलांटने शुक्रवार सांगितला होता. आम्ही बुधवारी निघालो होतो.

घोडे वळणावर आले. मी वाऱ्यात केस उडवत खिडकीत उभी होते. आयुष्यात इतक्या उंचावरून मी कधी प्रवास केला नव्हता. गाई मान वर करून बघत होत्या. मी त्यांना हात केला!

आणि मग योरिसची हाक आली. "थांबवा! घोडे थांबवा!"

समोर पूल होता. कमान पूर्ण झालेली. विटा ओल्या होत्या, खाली लाकडी साचा तसाच होता, पण कमान मिटली होती. खालून बसका पडाव आरामात गेला असता. आमचं घर मात्र छातीपर्यंतसुद्धा गेलं नसतं.

घर पुलाजवळ जाऊन हलकेच टेकलं. पुलावर रूलांट उभा होता, हात कमरेवर, तोंडभर हसू.

"ट्राइनबाई," तो वरून आईला म्हणाला, "उशीर केलात. माझी माणसं जरा जोरात निघाली. काय करणार?"

योरिस पांढराफटक पडला. सण तोंडावर आला होता. जागा पुलाच्या पलीकडे, घर अलीकडे. आईकडे पाहिलं तर ती हातातला झारा पुसत होती.

"काय करणार!" ती म्हणाली. "लिस्बेत, खाली ये. वाळूच्या पेटीवर चूल पेटव. माणसं जमलीत, भुकेली असतील."

मला वाटलं, धक्क्याने आईचं डोकं फिरलं. पण तिच्यासमोर बोलायची सोय नव्हती. पडावाच्या टोकावर वाळू भरलेली पेटी होती, तीवर मी विस्तव केला. लोणी तापलं, पहिला पॅनकेक पडला, आणि त्याचा वास वाऱ्याबरोबर पुलावर गेला. रूलांटचे गवंडी एकमेकांकडे बघू लागले. मग एक जण खाली उतरला. मग दुसरा. आम्ही खिडकीतून बशा द्यायला सुरुवात केली. शहरात बातमी गेली, की नव्या कालव्यात घर अडकलंय आणि त्या घरात जेवण मिळतंय. दुपारपर्यंत दोन्ही काठांवर अशी गर्दी लोटली, जशी फक्त जत्रेत दिसते. विणकर माग सोडून आले. एक पाद्रीबुवाही आले आणि दोन पॅनकेक खाऊन गेले. मी पळत होते, ओतत होते, ओरडत होते. भीती कुठल्या कुठे गेली होती. पाण्यावर खाणावळ! कुणी ऐकलंय कधी?

दुपारी आमच्यामागे पहिला पडाव येऊन थांबला. त्यात कौलं होती. मग दुसरा आला, तिसरा आला. सगळे रूलांटने भाड्याने लावलेले, सगळ्यांत त्याच्या ओळीच्या छपरांची कौलं आणि वासे. कालवा अरुंद होता, आमच्या घराने तो काठोकाठ बुजला होता. बाजूने मांजरसुद्धा गेलं नसतं.

रूलांटचं हसू तेव्हा पहिल्यांदा उतरलं. सेंट मार्टिनची अट त्यालाही होती. त्याच्याही घरांना अजून छपरं नव्हती.

"मागे घ्या हे खोपट!" तो काठावरून ओरडला.

"घेते की," आई म्हणाली. "मागचे पडाव आधी काढा."

मागचे पडाव वळणापर्यंत एकमेकांना चिकटून अडकले होते. शेवटचा निघाल्याशिवाय त्याच्या पुढचा निघणार नव्हता, आणि शेवटच्या पडावाचा मालक आमच्याच बाकावर तिसरा पेला रिकामा करत बसला होता. "मी जेवल्याशिवाय हलत नाही," त्याने जाहीर केलं.

रूलांटने कौलं काठाने वाहून न्यायचा हुकूम सोडला. पण काठ नुकताच खणलेला, नुसता चिखल. पहिला हमाल मांडीपर्यंत रुतला. त्याला काढायला गेलेलाही रुतला. गर्दीने अशा टाळ्या पिटल्या की रूलांटचे कान लाल झाले. तो दिवस तसाच गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचे सगळे गवंडी हात बांधून आमच्या खिडकीसमोर रांगेत उभे होते.

त्या दोन दिवसांत मी बहुतेक वेळ त्या खिडकीत होते. हाताने बशा देत होते आणि डोळ्यांनी माणसं बघत होते. एक गोष्ट माझ्या लक्षात यायला लागली. माणसं कुठूनही येवोत, ती पुलाशी येऊन थबकत. वेशीकडून येणारे इथे वळत. कुरणाकडून येणारे इथेच पाय झाडत. पडाववाले दोर बांधायला इथे उतरत. दोन बायका भेटल्या तर गप्पा मारायला इथेच टेकत. अजून पूल धड झाला नव्हता, पलीकडे वस्तीही नव्हती, तरी असं. मग घरं भरल्यावर काय होईल? पुलाच्या अलीकडच्या अंगाला, अगदी आमच्या घराच्या कुशीत, एक ओबडधोबड कोपरा होता. जमीन जरा खोलगट होती. तो तुकडा रूलांटचाच; त्याने तिथे चुना भिजवायचा खड्डा केला होता आणि फुटक्या विटा टाकल्या होत्या. त्या कोपऱ्यावरून माझी नजर हलेना.

गुरुवारी दुपारी मोजणीदार आला. पाउलुस त्याचं नाव, शहराच्या सगळ्या नव्या जागा त्यानेच आखलेल्या. त्याच्यासोबत रूलांट होता, टोपी हातात घेऊन. त्याचा तोरा उतरला होता.

"पाणी सगळ्यांचं आहे," पाउलुस म्हणाला. "बाई आपल्या जागेकडे निघाल्या, वाटेत पूल आला. यात त्यांचा गुन्हा मला दिसत नाही. तुम्ही दोघं काय ते ठरवा. जे ठरेल ते मी आत्ता इथे आखून देतो."

रूलांटने घसा साफ केला. "ट्राइनबाई, पलीकडची तुमची जागा मला द्या. बदल्यात माझ्या ओळीतलं शेवटचं घर घ्या. विटांचं. पक्कं. हे लाकूड जळणाला विका."

गर्दीतून आश्चर्याचा आवाज उमटला. विटांचं घर! वेशीबाहेरच्या बाईला! आमची शेजारीण काठावरून किंचाळली, "घे गं ट्राइन, घे!" योरिसनेही माझ्याकडे पाहून मान हलवली. त्याचा महिनाभराचा घाम जळणात जाणार होता, तरी तो हो म्हणत होता. ते बघून मला गलबलून आलं.

आईने हात एप्रनला पुसले. "मी काय सांगू? मी आज आहे, उद्या नाही. घर लिस्बेतचं. तिला विचारा."

सगळ्यांची तोंडं माझ्याकडे वळली. माझ्या हातात रिकामी बशी होती. आईकडे पाहिलं, पण तिचा चेहरा कोरा होता, काही म्हणजे काही कळेना. विटांचं घर म्हणजे काय, हे मला माहीत होतं. हिवाळ्यात वारा आत येत नाही. आगीची भीती नाही. बायका नावापुढे अहो लावतात. जीभ हो म्हणायला वळलीच होती.

"तो कोपरा," मी म्हणाले.

"कुठला कोपरा?" रूलांटला कळेना.

"हा. पुलापाशी चुन्याचा खड्डा आहे तो. आमची जागा घ्या आणि आम्हाला हा द्या. आणि घर वर ओढायला तुमची माणसं द्या. आत्ता."

मग रूलांट हसायला लागला. त्याच्या दृष्टीने ती उकिरड्याची जागा होती. पोरीचं डोकं फिरलंय असं समजून, माझं मत बदलायच्या आत त्याने पाउलुसपुढे हात पुढे केला. "कबूल! साक्षी आहेत सगळे!"

पाउलुसने खुंट्या ठोकल्या, दोरी ताणली. "पुढची भिंत दोन वर्षांत विटांची करायची," त्याने बजावलं. मी मान डोलावली.

मग जे झालं ते अजून डोळ्यांसमोर आहे. रूलांटच्याच गवंड्यांनी खड्डा फुटक्या विटांनी भरला, वर फळ्या टाकल्या. योरिसने कप्प्या बांधल्या, ओंडक्यांना चरबी फासली. दोर पुलाच्या दोन्ही अंगांनी गर्दीच्या हातात गेले. विणकर, हमाल, पडाववाले, जो तो दोराला लटकला. योरिस आरोळी द्यायचा, सगळे मिळून ओढायचे, आणि घर वीतभर वर यायचं. अर्धं काठावर, अर्धं पडावावर असताना एक दोर तुटला. फाट्कन आवाज झाला आणि घर पाण्याकडे झुकलं. माळ्यावरून माझ्या सुरया गडगडल्या. आई दारातच उभी होती!

"खांदा द्या!" योरिस ओरडला आणि स्वतः चौकटीखाली घुसला. मी त्याच्या शेजारी घुसले. आणि आमच्यामागून धापा टाकत, चिखलात बुटांसकट, टोपी उडालेला रूलांट! घर कालव्यात पडलं असतं तर त्याची कौलं वसंत ऋतूपर्यंत अडकली असती. त्याने असा खांदा लावला की मी तशी ताकद बैलातच बघितली होती. तुळया कण्हल्या. घर थांबलं. मग हळूच सरळ झालं. पुढच्या ओढीला ते पुरं काठावर आलं आणि आपल्या जागी असं बसलं, जणू कायमचं तिथेच होतं.

इतका गलका झाला की घोडे बुजले. योरिसने मला कमरेला धरून उचललं आणि सगळ्यांदेखत गिरकी घेतली. खाली ठेवल्यावर तो लाजला. मी नाही लाजले. मी म्हणाले, "आता गावाकडे जाऊ नकोस." त्याने पुन्हा जीभ दातांत धरली आणि मान हलवली.

कौलांचे पडाव पुलाखालून निघून गेले. संध्याकाळी माणसं पांगल्यावर आई बाकावर बसली, पाय वर घेतले, आणि मोठ्याने हसायला लागली. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं.

"काय झालं?" मी विचारलं.

"कमान मंगळवारीच मिटली होती," ती म्हणाली. "त्याचे गवंडी रोज रात्री आपल्याकडेच पितात. माझ्यापासून काय लपतंय?"

मी आणि योरिस एकमेकांकडे बघत राहिलो. पीठ, लोणी, हेरिंगचं पिंप...

"म्हणजे तू मुद्दाम..."

"हा कोपरा मला पहिल्या दिवसापासून हवा होता. मी मागितला असता, तर तो काय आहे हे त्याला कळलं असतं. मग मरेपर्यंत दिला नसता."

"आणि मी विटांचं घर घेतलं असतं तर?"

"तर उबेत म्हातारी झाले असते. वाईट काय होतं?" तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "मला दोन गोष्टी बघायच्या होत्या, लिस्बेत. जागा मिळते का, आणि तुला दिसते का. जागा मला दिसते हे मला माहीत होतं. पण माझ्यानंतर कोण?"

योरिस गदागदा हसत बाकावर कोसळला. मी रागवावं की तिला मिठी मारावी, हे मला समजेना. दोन्ही केलं.

तेवढ्यात दार उघडलं. रूलांट आत आला, टोपीविना, गुडघ्यापर्यंत चिखल. त्याच्यामागे पुलावर माणसांची ये-जा चालू होती. ओल्या कमानीवर फळ्या टाकल्या होत्या तेवढ्यावरूनच लोक जात-येत होते, आणि जाताना प्रत्येक जण आमच्या दाराशी रेंगाळत होता. रूलांट ते सगळं बघत उंबऱ्यावर बराच वेळ उभा राहिला. मूर्ख माणूस नव्हता तो.

त्याने बिअर मागितली, उभ्यानेच प्यायली. आईकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं.

"पुढच्या वर्षी पूर्वेची कुरणं खुली होणार आहेत," तो म्हणाला. "सगळा शुकशुकाट आहे तिथे. मला बांधायचंय. पण बांधायचं कुठे, ते..." त्याने पेला खाली ठेवला. "तुला काय वाटतं?"

आई चुलीकडे वळली. आम्हाला पाठ करून ती उगाच निखारे हलवत होती.

मी एप्रनची गाठ सोडली, एप्रन योरिसच्या हातात दिला आणि म्हणाले, "अजून उजेड आहे. चला, कुठे ते चालून दाखवते."